स्लॅबवरचा पत्रा

धनूचा फोन आला तेव्हा आमच्या सांगलीच्या घरात एसी बसवणारा माणूस भिंतीला भोक पाडत होता. ड्रिलच्या आवाजात मला काही ऐकू येईना, म्हणून मी धाकट्या भावावरच खेकसले, “जरा मोठ्यानं बोल की रे!” तो मोठ्यानं बोलला. “ताई, आण्णा गेले.” दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत... त्या एसीवाल्याला थांबवायचं आम्हाला कुणालाच सुचलं नाही. आम्ही पिशवीत कपडे कोंबून निघालो तेव्हा तो बिचारा “मॅडम, रिमोट फ्रिजवर ठेवलाय,” असं सांगायला जिन्यापर्यंत आला. माझ्या वडिलांनी उभा जन्म लोकांना सांगितलं, की घर गार ठेवायला यंत्र लागत नाही, छप्पर शहाणं लागतं. आणि ते गेल्याची बातमी त्यांच्या लेकीनं एसीच्या खोक्याशेजारी उभं राहून ऐकली. याला आता काही आठवडे उलटले. लोक भेटतात, ‘सुभेदार म्हणजे राजा माणूस’ म्हणतात, आणि मी मान हलवते. मान हलवताना मला लाज वाटते. ती का वाटते, हे एकदा लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आमचं गाव खटाव तालुक्यात, वडूजच्याही पलीकडं. तिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि ऊन घरजावयासारखं मुक्काम ठोकतं. आण्णा फौजेत होते, पूल-रस्ते-बराकी बांधणाऱ्या पलटणीत. सुभेदार होऊन परत आले ते आवाज तिकडचाच घेऊन आले. साधं ‘पाणी दे’ म्हणाले तरी गल्लीतली दोन-तीन माणसं दचकायची. राग नाकावर, पण तो फार वेळ तिथं टिकायचा नाही, मिशीत उतरून हसू व्हायचा. पेन्शनीच्या आणि फंडाच्या पैशातून त्यांनी पहिलं काय केलं, तर जुनं धाब्याचं घर उतरवून स्लॅबचं घर बांधलं. आमच्याकडं त्या काळी स्लॅब म्हणजे नुसतं छप्पर नव्हतं, ती पत होती. पत्रा गरिबाचा, स्लॅब मानाचा. स्लॅब पडला त्या दिवशी आईनं गल्लीत जिलेबी वाटली होती.

मग पहिला उन्हाळा आला आणि त्या मानाच्या छतानं आम्हाला भाजून काढलं. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब रात्री घरात ओकायचा. आई म्हणायची, “भाकरी चुलीवर कशाला करू? वरच चिकटवती की!” धाब्याच्या घरात माती होती, छताला सानं होतं, म्हणजे धूर आणि गरम हवा निघून जायला ठेवलेलं भोक. नव्या घरात तसलं काही ठेवायचं म्हणजे मागासपणा, म्हणून सगळं गच्च बंद. पंखा फिरायचा तो गरम हवाच इकडून तिकडं ढकलत. आण्णा चार दिवस खाटेवर पडून नुसते छताकडं बघत राहिले. मग एकदम उठून बसले आणि म्हणाले, “राजस्थानात आमच्या एका गोदामाला दोन छपरं हुती. जवान लोक काहीबाही निमित्त काढून तितं जाऊन उभं ऱ्हायचं. आपन पन दोन करायची.”

तसं त्यांनी केलं. स्लॅबवर विटांचे बुटके खांब बांधले, त्यांच्यावर हातभर अंतर सोडून लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर उतरता पत्रा टाकला. खालची कड पश्चिमेला, वारा येतो त्या बाजूला, उघडी ठेवली. तिला पाखरं-उंदीर शिरू नयेत म्हणून बारीक जाळी. वरच्या कडेलाही सलग फट ठेवली, वर पावसापुरतं झाकण. पत्र्याला वरून चुना फासला. शेजारचे लोक जमून वर बघत होते आणि आण्णा खाली उभे राहून व्याख्यान देत होते, “उनाला पत्र्यानं हॉल्ट म्हनायचं. तरी बी जी धग आत घुसंल, ती वर चढती आन् वरच्या फटीतनं पळती. तिच्या जागी खालनं नवा वारा येतो. सलाब बसला सावलीत, आरामात!” कुणीतरी विचारलं, मधली एवढी जागा रिकामी ठेवायची? तिथं कडबा तरी रचा. आण्णा भडकले. “आरं गड्या, ती रिकामी जागाच राबती! ती भरली तर मग ह्यो सगळा खटाटोप कशाला?”

आणि घर खरंच निवलं. किती अंशांनी, ते आम्ही कधी मोजलं नाही, पण बायका मोजत होत्या. दुपारी गल्लीतल्या बायका निवडायचं धान्य, शिवणटिपण घेऊन आमच्या पुढच्या सोप्यात यायला लागल्या. “चला गं, महाबळेश्वरला,” असं एकमेकींना हाका मारत यायच्या. परीक्षेच्या दिवसांत पोरं अभ्यासाला यायची. वीज गेली तरी आमच्याकडं कुणाच्या ध्यानात यायचं नाही, कारण पंखा बंदच असायचा. आण्णा दारात खाट टाकून आल्या-गेल्याला ऐकवायचे, “पाव्हणं, म्हाबळेश्वरला कशाला पैसा घालवताय? हितं बसा, चहा बी मिळंल.” कुणाच्याही घरी गेले की आधी हात वर करून छताखालच्या हवेचा अंदाज घ्यायचे आणि मग यजमानाला ‘राम राम’ म्हणायचे. लोकांना पटायचंही. पण आपल्या घरावर मात्र कुणी करायचं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, “सुभेदार, तुमचं काम झ्याक हाय, पर सलाबावर पत्रा टाकला तर लोकं म्हनतील, ह्यांचा सलाब गळतोय.”

लोक तेच म्हणत होते, आमच्याबद्दल. हे आम्हाला कळलं माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा. विट्याकडचं एक स्थळ येऊन गेलं आणि मग गप्प झालं. मध्यस्थानं आत्याच्या कानात सांगितलं, पोरगी पसंत आहे, पण घर पत्र्याचं आहे. आमची शेवंताआत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण, आणि आण्णा जगात फक्त तिलाच भ्यायचे. तिनं घर डोक्यावर घेतलं. पुढचं एक स्थळ असंच फिरलं. त्यांनी कारण दिलं नाही, पण आता कारण आम्हाला पाठ झालं होतं. आण्णांना मात्र हे कळायचंच नाही. “आरं, पोरगी करताना छप्पर बघत्यात का?” असं ते म्हणायचे. मला कळायचं. मी डी.एड. झालेली मुलगी, सगळी वर्षं त्या गार सोप्यात बसून अभ्यास केलेली, आणि मला त्या पत्र्याची लाज वाटायला लागली. मैत्रिणीला घराची खूण सांगताना मी देवळाशेजारचं घर म्हणून सांगायचे. पूर्वी वर पत्रा आहे ते, असं सांगत होते.

मग शिराळ्याचं स्थळ आलं. भर उन्हात मंडळी आली, सोप्यात बसली, पाणी झालं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा मुलाचे वडील, म्हणजे माझे आत्ताचे सासरे आबा, मान वर करून बघत होते. त्यांनी विचारलं, “सुभेदार, सलाबावर पत्रा का वो घातलाय?” आण्णांचा चेहरा उजळला. त्यांचा आवडता विषय निघाला होता. ते खाकरून सुरू करणार तेवढ्यात आत्या मधे पडली, “गळत न्हाई हं पाव्हणं! घर पक्कं हाय, मनात काय आनू नगा.” सगळे उगाच हसले. आबाही ओशाळल्यासारखं हसले आणि पावसापाण्याचं बोलायला लागले. ट्रे धरलेला माझा हात घामानं ओला झाला होता, त्या गारव्यातसुद्धा.

पसंतीचा निरोप आला. सुपारी फोडायला भावकी घेऊन येतो म्हणाले. त्या रात्री आत्यानं फर्मान काढलं, “आता भावकी येनार. ती चार तोंडं चार ठिकाणी बोलनार. त्यो पत्रा आदी उतरीव.” आण्णा गरजले. फौज काढली, राजस्थान काढलं, लोकांची अक्कल काढली. आई दोघांच्या मधे बसून पदराचं टोक पिळत होती. बराच वेळ गेल्यावर आण्णा माझ्याकडं वळले. “तुजं काय म्हननं हाय?” मी खाली बघितलं. आमच्याकडं लग्नाच्या बोलण्यात मुलीनं खाली बघितलं की तो होकार धरतात, हे मला ठाऊक होतं. मी ठाऊक असूनच खाली बघितलं.

पत्रा आणि खालचा सांगाडा त्यांनी एकट्यानं उतरवला. गडी लावला नाही, धनूला वर येऊ दिलं नाही. एकेक पत्रा दोरानं खाली सोडत होते आणि मी खाली धरत होते. शेवटचा खाली आला तेव्हा म्हणाले, “चला, छपराची बदली झाली.” मी हसले. मला मनापासून हायसं वाटलं होतं... दुसरं सगळं मला पुसट आठवतं, पण ते हायसं वाटणं अगदी जसंच्या तसं आठवतं. सुपारीला आबा आले, उंबऱ्यात थबकले, वर बघितलं, आणि काही न बोलता आत आले. आत्यानं मला कोपरानं ढोसलं, “बगितलंस? तोंडातनं शबूद न्हाई.” लग्न थाटात झालं.

पहिल्या उन्हाळ्यात माहेरी गेले तर सोप्यात कुणी नव्हतं. बायका यायच्या बंद झाल्या होत्या. पंखा दिवसरात्र फिरत होता, पुढं कूलर आला, मग त्या कूलरला पाणी आणायचं एक काम वाढलं. आईच्या पाठीवर घामोळं उठलेलं. संध्याकाळी आण्णा गच्चीवर बादल्या ओतून स्लॅब निववायचे. वर पाणी पडलं की वाफ उठायची आणि घर आणखी उबायचं. एका दुपारी ते माझ्या जवळ येऊन बसले. ज्यांच्या आवाजानं गल्ली दचकायची त्या माणसानं जवळजवळ कुजबुजत विचारलं, “आता टाकू का गं परत?” मी म्हटलं, “राहू दे आण्णा. आबा येतात-जातात. बरं दिसत नाही.” ते म्हणाले, “व्हय, ते बी खरंच हाय,” आणि उठून गेले. पुन्हा त्यांनी तो विषय माझ्याकडं काढला नाही. मी तर काढणारच नव्हते.

सासरीही नाही. सांगलीत नोकरी लागेपर्यंत मी शिराळ्यातच होते. आबांचा म्हशींचा गोठा आहे, पत्र्याचा, बुटका, तिन्ही बाजूंनी बंद. चैत्र-वैशाखात म्हशी जिभा काढून धापा टाकायच्या. आबा त्यांच्या अंगावर ओली पोती टाकायचे, स्वतः घामानं निथळत सारखं पाणी मारायचे, आणि म्हणायचे, “मुकं जनावर, सांगनार कुनाला.” मी भाकरीची टोपली घेऊन दारात उभी असायचे. वर जाळीची फट ठेवा, त्या पत्र्यावर हातभर अंतर सोडून दुसरा पत्रा टाका, एवढं सांगायला एक मिनिट लागलं नसतं. पण मग हे तुला कसं माहीत, असा प्रश्न आला असता, आणि आमच्या त्या पत्र्याची गोष्ट उघड्यावर आली असती. म्हणून मी टोपली ठेवून आत जायचे. सून म्हणून फार मर्यादेची, असं माझं शिराळ्यात नाव आहे.

वर्षं गेली. आत्या गेली, म्हणजे भांडायलाही कुणी उरलं नाही. धनूनं पुण्याहून आई-आण्णांच्या खोलीत एसी बसवून दिला. आण्णा तो पाहुणे आले की लावायचे आणि ते गेले की बंद करायचे. “त्याच्या आत मानूस सीलबंद डब्यात बसल्यागत हुतो,” म्हणायचे. मला त्यांचं ते बोलणं म्हातारपणाचा हेका वाटायचं. यंदाच्या वैशाखात ते गेले. उन्हाचा आणि जाण्याचा काही संबंध नाही, हृदयच थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी डॉक्टरांचा तो शब्द घट्ट धरून बसले आहे.

दहाव्याला शिराळ्याची मंडळी आली. जेवणं झाली, माणसं पांगली. सोप्यात मी आणि आबाच उरलो. आबा टोपीनं वारा घेत होते. त्यांनी वर बघितलं, मग माझ्याकडं, पुन्हा वर.

“सुनंदा, एक इचारू का? लय वर्सं मनात हाय.”

“विचारा की आबा.”

“तुला बगाया आलो तवा वर पत्रा हुता. सुपारीला आलो तर न्हाई. कशापाई काढला गं सुभेदारांनी?”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. एवढ्या वर्षांनी, त्याच सोप्यात. मी कसंबसं म्हटलं, “तुम्हीच विचारलं होतं ना आबा, पत्रा का म्हणून. आमच्या लोकांना वाटलं, तुम्हाला आवडला नाही...”

आबांचा वारा घेणारा हात थांबला. “आगं, म्या गोठ्यासाठनं इचारलं! बाहीर त्या दिशी आग पडल्याली. आत पाय टाकला तर अंगावर गारवा, आन् पंखा बंद. म्हनलं, ही काय जादू हाय, आपल्या म्हशीस्नी करावी. सुभेदार सांगाया लागलं तवर तुजी आत्या बोलली, गळत न्हाई म्हनून. मला वाटलं, गळतच असंल, आपन उगं लोकांचं झाकल्यालं उगडं पाडलं. फुडं सुपारीला बगतो तर पत्राच न्हाई! म्हनलं, माज्या इचारन्यानं मानूस लाजला. मग कुटल्या तोंडानं इचारू परत?”

मला रडू येण्याआधी हसू आलं. दहाव्याच्या दिवशी, बापाच्या फोटोसमोर, मोठ्यानं. आतून माणसं डोकावून बघायला लागली. म्हशींसाठी! ज्या माणसाची भीती घालून आम्ही आण्णांना त्यांच्याच घराच्या छपरावर चढवलं आणि एकेक पत्रा काढायला लावला, तो माणूस तेच छप्पर आपल्या म्हशींसाठी मागायला तोंड उघडत होता. दोन्ही घरं एकमेकांची अब्रू सांभाळत बसली आणि त्यापायी इकडं माणसं तापली, तिकडं जनावरं.

“सुभेदारांस्नी कळलं न्हाई मंजे हे?” आबांनी विचारलं.

“नाही.”

आबा उठले. चप्पल घालायला त्यांनी भिंतीला हात टेकला. “मी तरी इचाराया पायजे हुतं,” एवढंच म्हणाले. त्यांनी तरी निदान तेवढं म्हटलं.

ऊन उतरल्यावर वाळत घातलेल्या सतरंज्या काढायला मी आईबरोबर गच्चीवर गेले. लग्नानंतर मी तिथं कधी गेलेच नव्हते. जाण्याचं कारण पडलं नाही, असं म्हणता येईल. खरं म्हणजे ती मोकळी गच्ची बघायची मला इच्छा नव्हती. वर गेले तर ती मोकळी नव्हती. विटांचे गुडघ्याएवढे बुटके खांब रांगेनं उभे होते, ज्यांच्यावर तो सांगाडा पेललेला होता. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बोल्ट. सगळं जग गंजेल अशा त्या उन्हापावसात एकही बोल्ट गंजलेला नव्हता.

“ही कशी ठेवली?” मी विचारलं.

आई सतरंजीची घडी घालत होती. “दर पाडव्याला गुडी उतरली की तेलाचं बुधलं घिऊन वर यायचं. यंदा बी आलं, दम लागत हुता तरी. मी म्हनायची, आवं, पाडून टाका की, येता-जाता पायाला लागत्यात. तर म्हनायचं, असू दे. लेक नगं म्हनलीया, पर कवातरी व्हय म्हनंल. तवा परत बांधत बसाया नगं.”

मी हातातली सतरंजी खाली ठेवली.

“तुला कवा बोललं न्हाईत व्हय?”

“नाही.”

मी जवळच्या बोल्टाला हात लावला. यंदाचं तेल होतं, अजून ओशटच. बोटं काळी झाली. आईनं सतरंजी खांद्यावर टाकली आणि म्हणाली, “आगं पूस ते, साडीला डाग पडंल.”